धावांआधी नाव
क्रिकेटवरची कादंबरी सामन्यांभोवतीच फिरावी, हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या ऑस्ट्रेलियन आदिवासी क्रिकेट संघाचंच घ्या. ४७ सामने, त्यातले १४ जिंकले. संघातल्या जॉनी मुल्लाघने १६९८ धावा काढल्या, वर २४५ बळी. पण त्याचं खरं नाव उनारिमिन. मनातल्या मनात तो स्वतःला कोणत्या नावाने हाक मारत असेल? खेळ संपला की याच खेळाडूंनी गर्दीला भाले, बूमरँग फेकून दाखवायचे. त्यांच्यातला डिक-ए-डिक अरुंद ढाल घेऊन उभा राहायचा आणि लोक पैसे मोजून त्याच्यावर चेंडू मारायचे! त्यांचा साथीदार किंग कोल जूनमध्ये लंडनलाच क्षयाने गेला. दौरा मात्र ऑक्टोबरपर्यंत चालूच. कोल गेला त्या रात्री बाकीचे आपसांत कुठल्या भाषेत बोलले असतील? पहिलं प्रकरण तिथून लिहा.