प्रतिसाद: भटकंती लिहावी की नुसतीच करावी?

"हरिहर किल्ल्यावर सगळ्यांचं लिहून झालंय, आता मी काय वेगळं लिहिणार?" हा तुमचा प्रश्न काही पटला नाही बुवा. आम्हा नाशिककरांना त्या कातळातल्या जिन्याचे फोटो पाहून पाहून कंटाळा आलाय, खरंय. पण गडावर जायला हर्षेवाडीची वाट निरगुडपाड्याच्या वाटेपेक्षा सोपी आहे, पायऱ्यांना दोन्ही कडेला खोबणी आहेत, त्यात बोटं रोवायची आणि उतरताना तोंड कातळाकडे ठेवायचं, हे किती जण लिहितात?

साल्हेरचंही तेच. 1567 मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, हे कुठेही सापडतं. तुम्ही वाघांबेतून चढलात की साल्हेरवाडीतून, वर टाक्यातलं पाणी पिण्याजोगं होतं का, परतीची एसटी किती वाजता, ते लिहा. वृत्तांत तारीख घालूनच टाका, पाण्याचं गणित मार्चनंतर पार बदलतं.

एकच. पावसाळ्यातल्या रविवारी हरिहरच्या जिन्यावर चढणारे-उतरणारे समोरासमोर अडकतात, त्यात रीलवाल्यांचा वाटा मोठा. म्हणून आडबाजूच्या जागांचं लोकेशन मी उघड टाकत नाही. कोणी विचारलंच तर व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) देतो.