दमलेल्या माणसाला भूत परवडतं

माणसांचा कंटाळा येतो म्हणायचं आणि भयकथेतल्या जोडप्यासाठी जीव टाकायचा, हे ढोंग आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. मी स्वतः असं करणाऱ्यांतलाच. चार लोकांत तासभर बसलो की हसून हसून गाल दुखतात आणि डोक्यात एकच, आता गप्प बसलो तर चालेल का? पात्रांपुढे चेहरा सांभाळावा लागत नाही. मेसेजला उत्तर राहिलं म्हणून ती रुसत नाहीत. हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्ये टीव्ही-रेडिओवरच्या माणसांशी जुळणाऱ्या अशा एकतर्फी नात्याला 'पॅरासोशल' म्हटलं. कल्पित पात्रांनाही ते चपखल बसतं.

पण मग भयच का? प्रेमकथेत दोघं बोलून बोलून जीव खातात. इथे अंधाऱ्या जिन्यावर ती पुढे, आणि तो मागून फक्त तिची बाही धरतो. संवाद शून्य, तरी सगळं कळतं. (भूत दिसणार असं वाटलं की मी आवाज बंद करतो, ते सोडा.) त्यातल्या एकाला शेवटी उगाच मारलं की मात्र माझी चिडचिड आठवडाभर जात नाही. घरचे विचारतात काय झालं, आणि सांगायची सोय नसते.