शब्द हवा: ओसीडीतल्या 'परफेक्शनिझम'साठी

उंबरठा: १२ ते १७ वयाच्या मुलांच्या पालकांसाठी ओसीडीचं (नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं नि त्यापायी तीच कृती सारखी करावीशी वाटणं, हा मानसिक आजार) माहितीपत्रक मराठीत करतोय. या आजारात आढळणाऱ्या समजुतींचे त्यात तीन गट आहेत: जबाबदारी नि धोका फुगवून पाहणं, परफेक्शनिझम नि खात्रीचा हट्ट, मनात आलेल्या विचाराला नको तितकं महत्त्व देणं नि त्याला काबूत ठेवायची धडपड. दुसऱ्या गटाला मी 'काटेकोरपणा' लिहिलं, तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडलं. काय बिघडलं?

तळटीप: खोडलं ते बरं केलं. आपल्याकडे 'काटेकोर' ही शाबासकी आहे. काटेकोर मुलगी गणित दोनदा तपासते नि वही मिटते. ओसीडीतली मुलगी ओळ लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. पान फाटतं, पेपर निम्मा कोरा राहतो. अक्षर चांगलंच असतं, पण 'अजून बरोबर वाटत नाही'. बहुतेकदा तिलाच त्याचा वैताग असतो. मी 'अचूकतेचा जाच' म्हणेन.

शब्दखूळ: 'परिपूर्णतावाद' हा सरळ शब्द असताना जाच कशाला?

बोरूबहाद्दर: गांधीवाद, मार्क्सवाद आणि आठवी ब मधला परिपूर्णतावाद!

शब्दखूळ: हसा. मग आजाराला 'मंत्रचळ' हा अस्सल मराठी शब्द घ्या. मंत्र चुकला की चळ लागतो, म्हणून मंत्रचळ. अचूकतेचा हट्ट त्यातच आला.

तळटीप: तोच तर वांधा. 'सात वेळा नीट म्हटलं नाही तर आईला काहीतरी होईल' ही त्या मुलांची भीतीच आहे, आणि तुमचा शब्द तिला दुजोरा देतो. ओळखीपुरता एकदा येऊ द्या, पुढे ओसीडीच.

उंबरठा: उपचारांच्या भागात 'परिपूर्णतेचा आग्रह सोडा' असं आहे. चालेल?

तळटीप: नको. ईआरपीत, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण ती शमवणारी कृती करायची नाही या उपचारात, उपदेश नसतो, पायऱ्या असतात. मुलासोबत बसून प्रत्येक गोष्टीच्या भीतीला ० ते १० गुण द्यायचे. समजा ३ वर: पेनाने पाच ओळी, खाडाखोड नाही. ५ वर: एक शब्द मुद्दाम चुकवून तसाच ठेवायचा. ८ वर: ती वही न तपासता बाईंना द्यायची (बाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर लाल शेरा येतो). खालच्या पायरीवरची अस्वस्थता सोसता येऊ लागली की वरची. फसतं ते दोन ठिकाणी. मूल मनातल्या मनात ओळ दुरुस्त करून घेतं, ते बाहेरून दिसत नाही. किंवा 'बरोबर आहे ना गं?' विचारतं आणि आई 'हो रे' म्हणते. तेवढ्यानं सुटका मिळते, म्हणून ते पुन्हा विचारतं.

उंबरठा: या विचारण्याला 'आश्वासन मागणे' लिहिलंय.

बोरूबहाद्दर: निवडणूक आली वाटतं. 'खातरजमा' करा.

शब्दखूळ: फारसी! 'खात्री करून घेणे' काय वाईट आहे?

बोरूबहाद्दर: 'खात्री' काय पैठणहून आली? तीही त्याच 'खातिर'ची लेक. आणि वर 'जबाबदारी' आहे, ती दिसली नाही?

वऱ्हाडी_ठेचा: पत्रक आई-बापानं वाचायचं आहे ना? मग 'सारखं सारखं विचारणं' लिहा अन् मोकळे व्हा.

तळटीप: +१

शब्दखूळ: बोलीभाषा छापायची? आणि कंपल्शनला, म्हणजे भीती शमवायला पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या कृतीला, काय लिहिलंय, 'सक्ती'? तोही 'सख्त'वरून आलेला. 'अनिवार्य कृती' हवं.

बोरूबहाद्दर: अनिवार्य विषय असतात हो, दहावीला.

उंबरठा: दुसऱ्या गटाचं मग 'अचूकतेचा जाच' ठेवू का?

शब्दखूळ: आधी 'जाच' कुठून आला ते बघू.