मदत हवी आहे: विशेष शिक्षक नसलेल्या वर्गात वाचायला अडखळणारा मुलगा

नमस्कार मंडळी. मी चौथीला शिकवते. वर्गात ४३ मुलं आणि मी एकटी. त्यातला एक मुलगा तोंडी गोष्ट अगदी रंगवून सांगतो, पण फळ्यावरचं उतरवायला लागला की 'मगर'चं 'गरम' होतं, ओळ सुटते आणि मग वही दप्तरात कोंबून बसतो. अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अवघड जाणं) असावी असा माझा संशय. पण निदान करणं माझं काम नाही, आणि तपासणीला न्यायचं तर आईवडिलांची दिवसाची मजुरी बुडते. वडिलांचं मत ठरलेलं: "बाई, आळशी आहे तो, दोन द्या ठेवून."

कागदोपत्री सगळं आहे हो. विशेष गरजा असलेल्या मुलांनाही नेहमीच्याच शाळेत शिकवावं, असं सांगणाऱ्या १९९४च्या सालामांका जाहीरनाम्याला ९२ सरकारांची संमती होती. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क करारातलं कलम २४ सर्वसमावेशक शिक्षणाबद्दलच आहे. आमच्या शाळेपर्यंत त्यातला एक रॅम्प पोचला. विशेष शिक्षक काही पोचला नाही.

ओळीखाली पट्टी धरायला दिली, त्याने बराच फरक पडला. उत्तरं तोंडी घेऊन पाहिली, तर बाकीची मुलं "त्यालाच सूट का?" म्हणून कुरकुरली. त्यांना काय सांगू, अजून सुचलेलं नाही.

कुणी असा वर्ग सांभाळलाय का? जोडाक्षरं कशी घेतलीत? आणि वडिलांशी, त्यांना दोष न देता, बोलायला सुरुवात कुठून करू?