मदत हवी आहे: दिवसा शू सांगतो, रात्री मात्र रोज गादी ओली

रंकाळाकाठ
कुणीतरी लवकर सांगा, माझं डोकं चालेनासं झालंय. मुलाचं डायपर सोडवलं. दिवसा अगदी व्यवस्थित सांगतो, बाथरूमपर्यंत पळत जातो, चड्डी स्वतःची स्वतः खाली करतो. पण रात्री रोज, म्हणजे खरंच रोज, गादी ओली. पहाटे उठून माझा दंड हलवतो आणि म्हणतो, "आई, ओलं."

पाऊस लागलाय, बारा दिवस ऊन नाही. तीन वाकळा गॅलरीतल्या दोरीवर लोंबतायत, एकही वाळलेली नाही. काल एक इस्त्री फिरवून वाळवली तर वास घरभर झाला. पुढच्या शनिवारी पुण्याला नणंदेकडे वास्तुशांत आहे, तीन रात्रींचा मुक्काम. नवं घर, नव्या गाद्या. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद केलंय, तरी फरक नाही. काय करू? कृपा करून "वेळ द्या" एवढंच सांगू नका, वेळच नाहीये.

आर्याची_आई
ताई, वय किती ते लिहिलंच नाही तुम्ही. डायपर कधी सोडलं? त्याआधी सकाळी कधी कोरडं मिळायचं का?

रंकाळाकाठ
तीन वर्षं दोन महिने. मे महिन्यात सोडलं, दिवसाचं आणि रात्रीचं एकदमच. कोरडं मिळायचं का ते आठवत नाही, सकाळी काढून टाकायचे इतकंच. उपाय सांगा ना.

दोन_लेकींचा_बाप
उपाय सरळ आहे. मोबाईलला गजर लावा, रात्री बाराचा आणि पहाटे चारचा. उचलायचं, बाथरूममध्ये न्यायचं, शू करवून परत झोपवायचं. माझ्या दोन्ही मुलींचं असंच केलं. तीन आठवड्यांत सवय लागली. यात आईबापाची झोप जाते, पण एकदाच जाते. अर्धवट करू नका, एक रात्र चुकली की सगळं पहिल्यापासून.

वॉर्डातली_मावशी
मी २६ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते, आता निवृत्त आहे. दादा, तुमच्या मुली तीन आठवड्यांत कोरड्या झाल्या हे चांगलंच झालं, पण ते गजरामुळे झालं असं मला वाटत नाही. झोपेतल्या मुलाला उचलून नेलं तर त्या रात्री गादी वाचते. मूल मात्र झोपेतच शू करतं, स्वतः उठायला शिकत नाही.

दिवसाची शू ही शिकवायची गोष्ट आहे, रात्रीची शिकवून येत नाही. रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटायला लागतं, मग मूत्रपिंडं रात्रीची लघवी कमी करतात. शिवाय मूत्राशय भरलं की झोप मोडायला हवी. हे दोन्ही ज्याचं त्याच्या वेळेला तयार होतं. पाचव्या वर्षीसुद्धा शंभरातल्या साधारण पंधरा मुलांची गादी ओली होते. पाचच्या आत आम्ही याला आजार म्हणतच नाही.

ताई, एक विचारते. त्याची शी रोज होते का? कशी होते?

दोन_लेकींचा_बाप
मावशी, तुमचा अनुभव मोठा आहे, मान्य. पण ताईंना पुण्यात तीन रात्री गादी वाचवायचीच आहे ना? मग तेवढ्यापुरता गजर का नको?

वॉर्डातली_मावशी
तेवढ्यापुरता चालेल. तुम्ही झोपायला जाताना एकदा उचलून न्या, त्यात वाईट काही नाही. फक्त त्यालाच उपाय समजू नका, आणि पहाटे चारला त्या लेकराला छळू नका.

बावड्याची_आजी
मी सांगतो ते ऐक बाळ. काळं तीळ भाजून घे, गूळ घाल, सुपारीएवढा लाडू रोज सकाळी दे. आमच्या घरात चार पोरं वाढली, सगळ्यांना हेच दिलं. आन् त्याला रागवू नको. पोरगं भ्यालं की जास्तच करतंय.

केदार_के
बाटली सोडवायची असेल तर एकदम सोडवू नका, आधी दुपारची, मग रात्रीची. आम्ही स्टीलच्या छोट्या पेल्यावर आणलं, पेल्यावर हत्ती होता, त्यानं खूप मदत झाली.

रंकाळाकाठ
बाटली कधीच सुटलीय, तो पेल्यानंच पितो. आजी, लाडू करून बघते. मावशी, शीचं राहू दे, ती तो सांगतो, प्रश्न शूचा आहे. सासूबाई म्हणतात रात्री पुन्हा डायपर घातलं तर दिवसाचंही विसरेल. हे खरं आहे का? नवरा म्हणतो घाल, मी मधे अडकलेय.

आर्याची_आई
नाही विसरत. माझी मुलगी दिवसा दोन वर्षं चार महिन्यांची असताना कोरडी झाली, रात्री चौथं वर्ष पूर्ण होत आलं तेव्हा. मधली सगळी रात्री डायपरवर. त्या डायपरला आम्ही "रात्रीची चड्डी" म्हणायचो. जाग असताना कधी घालायची नाही, झोपताना घालायची, उठल्या उठल्या काढायची. मुलांना बरोबर कळतं.

दोन_लेकींचा_बाप
मला हे पटत नाही. पुढे गेलेलं मूल मागे न्यायचं कशाला?

आर्याची_आई
दादा, तो रात्री पुढे गेलेलाच नाहीये. मागे न्यायचा प्रश्न येतो कुठे?

साधा_माणूस_कोल्हापूर
पहिल्यांदाच लिहितोय या विषयावर, नाव न देता लिहितो. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचो. आई सकाळी ओली चादर माझ्या खांद्यावर टाकून दारात उभं करायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून. तिचाही दोष नाही, तिला कुणीतरी तेच सांगितलं होतं. मी रात्री झोपायचंच नाही असं ठरवून डोळे ताणून बसायचो, तालमीतल्या दिव्याकडे बघत, आणि मग इतकी गाढ झोप लागायची की काहीच कळायचं नाही. मामाच्या गावाला सुट्टीत कधी राहिलो नाही.

मोठेपणी कळलं की वडिलांनाही लहानपणी हा त्रास होता. घरात कुणीच बोललं नव्हतं. ताई, तुमचा मुलगा पहाटे येऊन "आई, ओलं" म्हणून सांगतोय, म्हणजे तो तुम्हाला घाबरत नाही. ते तेवढं जपा. बाकी गादीचं काय, गादी धुता येते.

वॉर्डातली_मावशी
दादा, तुम्ही हे लिहिलंत फार बरं केलंत. हे घराण्यातून येतं हे अगदी खरं. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला व्हायची शक्यता शंभरात चाळीसच्या वर, दोघांनाही असेल तर पंच्याहत्तरच्या आसपास. रंकाळाकाठ ताई, नवऱ्याला आणि सासूबाईंना एकदा विचारून बघा. कधीकधी आजीलाच सगळं ठाऊक असतं.

आणि शीचं मी परत विचारते, कारण ते शूचंच आहे. आतडं कडक शीनं फुगलेलं असलं की ते शेजारच्या मूत्राशयावर दाबतं. मग मूत्राशयाला जागा उरत नाही. किती दिवसांनी होते ते सांगा.

पंचगंगा_घाट
विषय वेगळा आहे, पण शनिवारी निघणार म्हणता म्हणून लिहितो. पंचगंगा नदीवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय. पातळी बघून निघा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे बंद झाला होता, माझी माणसं अडकली होती. लहान मूल बरोबर आहे.

रंकाळाकाठ
धन्यवाद, लक्ष ठेवतो आम्ही.

मावशी, आज बसून आठवलं. तीन दिवसांनी होते, कधी चार. कडक असते. करताना दाराच्या मागे जाऊन पाय आवळून उभा राहतो, तोंड लाल होतं, बस म्हटलं की रडतो. मला वाटलं मुलांचं असंच असतं. आणि सासूबाईंना विचारलं. गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तुझा नवरा सहा वर्षांचा होईपर्यंत करायचा." लग्नाला सहा वर्षं झाली, आज कळलं.

वॉर्डातली_मावशी
आता बोलू या. तो दाराआड उभा राहतो ना, तो शी करायचा प्रयत्न करत नसतो, ती आत रोखून धरत असतो. एकदा दुखलं की मूल भितं, रोखतं, रोखल्यावर आणखी कडक होतं. खाण्यापिण्यात दूध किती आहे?

रंकाळाकाठ
सकाळी एक पेला. दुपारी झोपून उठल्यावर एक. आणि रात्री जेवण झाल्यावर आबा, म्हणजे सासरे, त्याला गाडीवर पुढे बसवून गंगावेशच्या दूध कट्ट्यावर नेतात, साडेनऊच्या सुमाराला. तिथे तो मोठा काचेचा पेला भरून पितो, वर साखर. फेसाच्या मिशा घेऊन घरी येतो. हे आबांचं आणि त्याचं रोजचं आहे, मी त्यात कधी पडले नाही.

आर्याची_आई
ताई! सहानंतर पाणी बंद म्हणालात आणि साडेनऊला पेलाभर दूध?

रंकाळाकाठ
दूध पाण्यात मोजायचं हे डोक्यातच आलं नाही. त्याचं पोट भरतं, रात्रभर शांत झोपतो, एवढंच बघत होते.

वॉर्डातली_मावशी
हिशेब सांगते. मुलाच्या मूत्राशयात किती मावतं याचा ढोबळ आडाखा असा, वयात एक मिळवायचा आणि तिसानं गुणायचं. तुमच्या मुलाचं तीन अधिक एक, चार, गुणिले तीस, म्हणजे १२० मिली. कट्ट्यावरचा मोठा पेला २५० च्या खाली नसणार. त्यात आतड्यानं जागा अडवलेली. तो रात्री कोरडा कसा राहील?

आणि तिन्ही पेले मिळून पाऊण लिटर दूध होतं. या वयाला अर्धा लिटरच्या आत पुरे. जास्त दुधानं भूक मरते, भाजी-भाकरी खाल्ली जात नाही, शी घट्ट होते.

मिसळप्रेमी_शाहूपुरी
माफ करा, पण कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाला दोष देऊ नका. पैलवान त्याच दुधावर घडले. म्हशीचं समोर पिळलेलं दूध, त्यात भेसळ नाही, पाणी नाही. आजोबा नातवाला घेऊन जातात ही कोल्हापूरची रीत आहे.

केदार_के
तीन वर्षांच्या मुलाला न तापवलेलं दूध? त्यातून क्षय, ब्रुसेल्लोसिससारखे आजार येऊ शकतात. भेसळ नसली म्हणून जंतू नसतात असं नाही.

मिसळप्रेमी_शाहूपुरी
मी लहानपणापासून पितोय, मला काही झालं नाही.

केदार_के
तुम्हाला झालं नाही याचा आनंद आहे. लहान मुलाला तापवूनच द्यावं, एवढंच माझं म्हणणं. कट्ट्यावर जाऊ नका असं मी म्हणत नाहीये.

वॉर्डातली_मावशी
केदार बरोबर आहेत, पण इथे भांडू नका, पोराचं राहील बाजूला.

ताई, हे करा. दोन दिवसांत मुलांच्या डॉक्टरांना पोट दाखवा. खासगी नको असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, बाह्यरुग्ण विभाग आहे. ते शी मऊ करणारं औषध देतील, ते सांगतील तितके दिवस द्या, दोन दिवस साफ झालं म्हणून मनानं बंद करू नका. आजींचा तिळाचा लाडू खुशाल द्या, पण औषधाच्या ऐवजी नको. जेवणानंतर पाच मिनिटं भांड्यावर बसवा, पाय लोंबकळू देऊ नका, खाली पाट ठेवा. पाय टेकले की जोर लावता येतो.

पाणी सहाला बंद करू नका. दिवसा भरपूर द्या, झोपेच्या आधीचा तास-दीड तास फक्त हात आखडा. पाणी तोडलं की शी आणखी घट्ट होते. संध्याकाळी चहात बिस्किट बुडवून देत असाल तर तेही थांबवा. झोपताना एकदा शू, मग गोष्ट सांगा, दिवा मालवायच्या आधी परत एकदा.

लघवीला जळजळ, ताप, रक्त, थेंबथेंब गळणं, सारखी तहान लागून वजन उतरणं, झोपेत जोरात घोरणं यातलं काही असेल तर मात्र थांबू नका. सहा महिने कोरडं राहून मूल पुन्हा ओलं करायला लागलं तरीही दाखवायचं. तुमच्याकडे तसं नाही.

आर्याची_आई
पुण्यासाठी माझ्याकडून एक. अंथरूण दुहेरी घाला. गादीवर रबरी कापड, वर चादर, त्यावर पुन्हा रबरी कापड, पुन्हा चादर. रात्री ओलं झालं की वरचा जोड ओढून बादलीत टाकायचा, खाली अंथरूण तयार. लक्ष्मीपुरीत मीटरवर मिळतं ते कापड. आणि रात्रीची चड्डी घाला, सासूबाईंना माझं नाव सांगा.

रंकाळाकाठ (सोळा दिवसांनी)
कळवायचं राहिलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, माझा हात धरून डाव्या बाजूला ठेवला. बोटांना कडक गोळा लागत होता. इतके दिवस त्या पोटाला तेल लावत होते, कधी कळलं नाही. औषध चालू आहे. आता एक दिवसाआड होते, रडत नाही, दाराआड जात नाही.

आबांना सांगायचं सगळ्यात अवघड वाटत होतं. मी बोलायच्या आधी सासूबाईच बोलल्या, नवऱ्याचं लहानपणचं सांगून. आबा काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहाला गाडी काढतात, रंकाळ्यावर जाऊन दोघं भाजलेलं कणीस खातात. दूध घरी तापवलेलं, अर्धा पेला, सात वाजता.

पुण्याला रात्रीची चड्डी घातली. तिन्ही रात्री ती ओली, गादी कोरडी, नणंदेला कळलंही नाही. परत आल्यापासून नऊ रात्रींत तीन कोरड्या. चड्डी चालूच ठेवणार होते, पण त्यालाच नको होती, म्हणून दुहेरी अंथरूण केलंय. दिवसाचं काही विसरला नाही.

काल तीनला आला, "आई, ओलं." वरची चादर आणि रबर ओढलं, खालचं कोरडं होतं. पाच मिनिटांत दोघं झोपलो. वाकळा अजून दोरीवरच आहेत, ऊन पडलं की काढीन.