मदत हवी आहे: १५ गुंठे आवार, सगळीकडे रानमोडी आणि लव्हाळ्याचं तण

नमस्कार मंडळी. संगमेश्वरजवळ आमचं गावचं घर आहे, भोवती १५ गुंठे आवार. आजी गेल्यापासून ६ वर्षं तिथे कोणी राहत नाही, त्यामुळे रानमोडी आणि घाणेरी पार अंगणापर्यंत आल्या आहेत. मागच्या मे महिन्यात गड्यांकडून सगळं बेणून घेतलं. श्रावण येईतो परत कमरेएवढं! रानमोडी बुंध्यापासून पुन्हा फुटते, हे तेव्हा कळलं.

टाकळा चालतो, त्याची भाजी तरी होते. खरा वैताग विहिरीकडच्या लव्हाळ्याचा. उपटला की पात हातात आणि गाठी जमिनीतच. तणनाशक मारा म्हणतात सगळे, पण त्याच विहिरीचं पाणी आम्ही पितो, त्यामुळे ते नकोच.

एप्रिल-मेमध्ये पारदर्शक प्लास्टिक अंथरून जमीन तापवायचा प्रयोग लव्हाळ्यावर कोणी केलाय का? खोलवरच्या गाठी मरतात का? आणि कातळाच्या बाजूला जेमतेम वीतभर माती आहे, तिथे काय जगेल? पुण्याहून महिन्यातून एकदाच जाणं होतं, गुरं मोकाट फिरतात, म्हणजे लॉनबिन विसरा. कुंपणाला करवंद लावावी का?