मदत हवी आहे: हॅलोविनसाठी खवल्या मांजराचा ड्रेस घरी कसा करावा?

मंडळी, मी अमेरिकेत मिनेसोटात राहते. इथे हॅलोविनला मुलं सोंगं घेऊन दारोदार कँडी मागत फिरतात. यंदा ३१ ऑक्टोबरला लेकीला खवल्या मांजर व्हायचंय. सुट्टीत चिपळूणला मामाने तिला त्याच्याबद्दल काय काय सांगितलं, तेव्हापासून परी आणि चेटकीण बाद.

विकतचा ड्रेस मिळाला तरी नकोय. आमच्या गल्लीत घरी केलेल्या ड्रेसचीच वट असते. गेल्या वर्षी एका मुलाच्या व्हीलचेअरभोवती त्याच्या बाबांनी पुठ्ठ्याची आगबोट उभी केली होती. धुराड्यातून कापसाचा धूर, आत टॉर्च. लोक कँडी द्यायची सोडून फोटोच काढत बसले. दुसरी एक पोरगी वॉशिंग मशीन झाली होती, खोक्याच्या गोल दारातून मोजे लोंबत होते. काय डोकं चालतं एकेकाचं!

आता अडचण. इथे १९९१ साली हॅलोविनलाच हिमवादळ सुरू झालं आणि मिनियापोलिसमध्ये २८ इंचांवर बर्फ पडला. जुने शेजारी अजून ते सांगतात. तेवढं नको, पण ड्रेस जाड जॅकेटवरून बसायला हवा. शाळेत मुखवटा चालत नाही. त्यात बाईसाहेबांना दारोदार खवल्या मांजरासारखं अंगाचं मुटकुळं करून दाखवायचंय! पुठ्ठा वाकताना मोडेल, भिजला तर संपलाच. मग खवले फेल्टचे करू की फोम शीटचे? आणि शेपटीचं काय?

शिंपीणकाकू: फोम शीट घे. हलकी असते, पाणी पीत नाही. हुडी दोन साइज मोठी आण. खवले खालून वर लावत ये, कौलं शाकारतात तसे. वरच्या ओळीने खालच्या ओळीचे टाके झाकले पाहिजेत. फक्त वरची कड शिवायची, खालची मोकळी. म्हणजे वाकली की खवले आपोआप उभे राहतात. ग्लू गनच्या भरवशावर राहू नकोस, कडाक्याच्या थंडीत तो गोंद कडक होऊन तडकतो.

धागाकर्ती: काकू, पोटालाही लावायचे का? एवढे कापायचे म्हणजे रात्री जागाव्या लागतील.

शिंपीणकाकू: अगं, पोटाला खवले नसतातच त्याच्या! पुढे चेन तशीच ठेव.

रानवाटा: शेपूट हुडीला शिवू नका, मागे ओढ बसते. जुन्या लेगिंगच्या पायात उशीचा कापूस भरा आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवा. वर्गात बसताना काढता येईल. लांबी गुडघ्यापर्यंतच, नाहीतर परेडमध्ये मागचा पाय देणार. मुखवट्याऐवजी हुडीच्या टोपीलाच डोळे आणि निमुळतं नाक शिवा. अंधारासाठी पाठीवरच्या दोन-तीन ओळींना चमकणारी टेप लावा, गाडीवाल्यांना दिसेल. नखं विसरू नका, पुढच्या पायांची चांगली लांब असतात. हातमोज्यांना फेल्टची शिवली तरी चालतील.

धागाकर्ती: भारीच! उद्याच फोम आणते. तपकिरी मिळाला नाही तर करडा चालेल ना?

रानवाटा: पळेल. कडांना चहाच्या रंगाचा ॲक्रिलिक हात फिरवा. आणि फोटो टाका.